हजारातले वीस

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, पत्र्याच्या शेडमध्ये,
माझी आई फ्यूज जाळायची.
पगार त्याचाच होता.
हजाराचा लॉट आला की त्यातले वीस काढायचे,
एकेक चिमट्यात धरून प्रवाह वाढवत न्यायचा,
आतली तार तुटली की घड्याळ बघून आकडा लिहायचा.
वेळेवर तुटला तो चांगला.
चांगला निघाला तो कचऱ्याच्या डब्यात.

मी तेव्हा चौथीत. विचारलं,
उरलेले नऊशे ऐंशी चांगले, हे कशावरून?
म्हणाली, शितावरून भाताची परीक्षा.
मग पोळी लाटता लाटता थांबली.
"नाही गं. भात एका आधणात शिजतो.
हे फ्यूज तीन पाळ्यांत होतात, अकरा जणींच्या हातून.
उषाबेनचा हात दुपारी तीननंतर जड होतो.
एक शीत कुणाकुणाची साक्ष देणार?"

म्हणून तिच्याकडे हाऊजीचा डबा होता,
दांडिया बाजारातल्या गणपतीत वापरून जुना झालेला,
एक ते नव्वद, सत्तेचाळीसच्या जागी कोटाचं बटण.
ट्रेंना नंबर, खणांना नंबर,
सोंगटी सांगेल तो खण, आवडनिवड नाही.
रमणभाई सुपरवायझर म्हणायचे,
बेन, वरचा ट्रे घ्या ना, उघडाच आहे.
"वरचा ट्रे नेहमीच शहाणा असतो."
आंब्याची पेटी घेतलेल्या माणसाला
एवढं तर कळायला हवं.

एकदा दिवाळीच्या तोंडावर विसात तीन निघाले,
वेळ उलटून गेली तरी न तुटणारे.
रमणभाईंनी चहा मागवला.
पुन्हा वीस काढा, म्हणाले, नशीब वाईट असेल.
आई म्हणाली, पुन्हा काढले तर तो नमुना नव्हे,
ती मनधरणी.
लॉट परत गेला. बोनसही गेला.
त्या वर्षी आमच्याकडे चकल्या मोजून.

आता मी रावपुऱ्यातल्या शाळेत गणित शिकवते.
फळ्यावर गुजरातीत संभावना लिहिते,
घरी येऊन मराठीत शक्यता म्हणते,
आणि दोन्हींच्या मध्ये कुठेतरी
तो चिमटा असतो.

टेबलावर दहा खडू. दोघांच्या बुडाला पेन्सिलची खूण.
हे दोन बिघडलेले. न बघता दोन उचला.
जोड्या किती?
हेतल बोटं मोडत मोजते: पहिल्याला नऊ जोडीदार,
दुसऱ्याला आठच, कारण पहिल्याशी त्याचं झालंय,
मग सात, मग सहा, अशी एकापर्यंत उतरते.
पंचेचाळीस.
दोन्ही चांगले, अशा? आठांतल्या आठांत.
अठ्ठावीस.
उरल्या सतरा.
सतरा जोड्यांत चोर हाती लागतो,
अठ्ठावीसांत तो मुकाट खोक्यात बसून
गिऱ्हाइकाच्या घरी जातो.

मागच्या बाकावरून धैवत शिर्के:
म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा आपण फसणार?
हो.
मग दोन कशाला? पाच काढा.
पाच काढलेस तर नवांत सात वेळा सापडेल.
मग सगळेच काढा!
काढ. सगळे काढ, सगळे जाळ.
मग तुला सगळं माहीत असेल
आणि विकायला एकही उरणार नाही.

तो हसला नाही. वहीत काहीतरी खरडत राहिला.
नंतर तपासताना बघितलं:
सतरा छेद पंचेचाळीस, खाली दोन रेघा,
आणि बाजूला एक चोर, मिशीवाला.

आमच्या मीटरच्या पेटीत आईच्या कारखान्यातला एक फ्यूज आहे,
नऊशे ऐंशींपैकी, कुणी न तपासलेला.
बावीस वर्षं झाली.
पंखे, इस्त्री, गीझर, सगळं त्याच्या अंगावरून जातं.
चांगला असेल का गं तो? मी मध्येच विचारते.
ती सुपातून मान वर काढत नाही.
"चांगला असला तर कळेल की,
ज्या रात्री दिवे जातील."